तिसऱ्यांदा नीट, की पतंगांचा अभ्यास?

गोव्यातल्या वाळपईहून एका वडिलांनी लिहिलं आहे: 'मुलगी बारावी विज्ञान झाली. नीट दोनदा दिली, गुण कमी पडले. तिसऱ्यांदा बस म्हटलं तर ऐकत नाही. रात्री पडवीत दिवा लावून त्यावर येणाऱ्या पतंगांचे फोटो काढते. कुमाऊंमधल्या बांज (हिमालयातला ओक) आणि चीड (पाइन) यांच्या जंगलांतल्या पतंगांवर संशोधन करायचंय, म्हणून बी.एस्सी.लाच उत्तराखंडला जाते म्हणते. मी पडवीतला बल्ब काढून ठेवलाय. यातून पोटापाण्याचं काय? तिला समजवा.'

नमस्कार.

गुणांची काळजी नंतर करू. मला त्या बल्बची काळजी वाटते. शेजारची मुलगी गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, गेली हे तुमच्या पत्रात दोनदा आलं आहे. तुमच्या मुलीला डॉक्टर व्हायचंय, असं एकदाही आलेलं नाही. नीटला वीस लाखांहून जास्त मुलं बसतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. मन नसताना तिसरं वर्ष त्यात घालायला लावणं हा तिच्यावर अन्याय आहे, हे स्पष्टच सांगते. एकोणीस वर्षांची मुलगी रात्र जागून काही निरखते, नोंदवते, आणि घरात त्याची शिक्षा होते. उद्या ती तुमच्याशी बोलणंच बंद करेल. बल्ब आजच लावा.

आता तिच्यासाठी. बाळ, फोटो जमवून यादी केली की संशोधन झालं, असा तुझा समज दिसतो. बांजाची झाडी ओलसर. खोडांवर शेवाळ, खाली झुडपांची दाटी, म्हणून वेगवेगळ्या अळ्यांना वेगवेगळं खाद्य. चीडच्या जंगलात सुयांचा कोरडा थर, उन्हाळ्यात वणवे, खाली झाडोरा विरळ. त्यामुळे बांजात पतंगांच्या जाती जास्त मिळाव्यात, असं वाटणं साहजिक आहे. पण चीड साधारण खालच्या उंचीवर आणि बांज वर, मग फरक झाडामुळे पडला की उंचीमुळे? विरळ चीडात दिव्याचा उजेड लांबवर जातो, दाट बांजात अडतो. चांदण्या रात्री पतंग दिव्याकडे कमी येतात. हे सगळं वेगळं काढायला संख्याशास्त्र लागतं. शिवाय कित्येक जाती फोटोवरून ओळखताच येत नाहीत, पोटाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली उघडून बघावं लागतं. आणि अळी काय खाते हे कळायला झाड ओळखता आलं पाहिजे.

म्हणून उत्तराखंड आत्ता नको. गोव्यातच बी.एस्सी. कर, प्राणिशास्त्राला वनस्पतिशास्त्राची जोड दे आणि संख्याशास्त्र टाळू नकोस. बांज आणि चीड आपल्याकडे नाहीत, पण पद्धत तीच. दारची कण्हेर आणि तगर रोज बघ. हिरव्या, मोठ्या डोळ्यांसारखे ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या तर त्यांचे पुढे ऑलिअँडर हॉकमॉथ नावाचे पतंग होतात. कुळागरातली (सुपारीच्या बागेतली) एक ठरलेली जागा आणि चोर्ला घाटाच्या बाजूची एक जागा घे, अमावस्येच्या आसपास त्याच वेळी, तसाच दिवा लाव. वर्षभराच्या अशा नोंदी हजार सुंदर फोटोंपेक्षा मोलाच्या. म्हादई अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही आणि रात्री एकटीने कुठेच नाही. बाबांना सोबत ने.

पोटापाण्याचं विचारलंत, तेही योग्यच आहे. नोकऱ्या थोड्या आहेत, हे लपवत नाही. एम.एस्सी.साठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस (जीवशास्त्राची राष्ट्रीय संशोधन संस्था), जागा मोजक्या. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये. भारतीय वनसेवा आहे, भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था आहे, शेतीचं कीटकशास्त्र आहे. बांज आणि त्याच्या कुळातल्या इतर ओक झाडांच्या पाल्यावर वाढणाऱ्या पतंगापासून मणिपूर आणि उत्तराखंडात ओक टसर रेशीम निघतं, म्हणजे केंद्रीय रेशीम मंडळाचाही विचार करता येईल.

महाविद्यालयाचा अर्ज भरताना विषय तिला निवडू द्या. आणि पुढचं पत्र तिलाच लिहायला सांगा.