पाना डिकीकडे की बॉनेटकडे? : जुन्या अमेरिकन गाड्या, वाचकांचे प्रश्न

स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथ, डॉज आणि डिसोटो जोडल्या जाऊ लागल्या. बिल्ले तीन असले, तरी डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट मुळात प्लिमथच, फक्त तोंडवळा वेगळा. यावेळची पत्रं मुख्यतः याच कुटुंबातल्या गाड्यांची आहेत, म्हणून एकीचं उत्तर दुसरीलाही चालेल.

प्रश्न (अमळनेर) : १९५० च्या प्लिमथचं मागचं डावं चाक काढताना दोन बोल्ट तुटले. उजवीकडचे मात्र सहज निघाले. शिवाय हँडब्रेक पूर्ण ओढलेला असताना गाडी जॅकवरून सरकली. दोष कुठे आहे?

उत्तर : दोष गाडीत नाही, हाताच्या सवयीत आहे. क्रायस्लरच्या गाड्यांत डाव्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. चाक फिरताना बोल्ट आपोआप सैल होऊ नये, हा त्यामागचा विचार. कंपनीने ही पद्धत १९७० च्या सुमारापर्यंत चालवली. बोल्टच्या डोक्यावर ‘एल’ अक्षर असतं, पण गंजाखाली ते दिसत नाही. नेहमीच्या दिशेने पाना फिरवला की बोल्ट आणखी आवळतो, आणि त्यावर पाइप लावून जोर दिला की तुटतो.

लक्षात ठेवायची खूण सोपी आहे. पान्याची दांडी वर उभी धरा. दांडी डिकीकडे ओढली की बोल्ट सैल होतो, बॉनेटकडे ओढली की आवळतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना हेच लागू. शेव्हरोले आणि फोर्डला मात्र हा नियम लावू नका, त्यांचे आटे दोन्हीकडे सरळच असतात.

तुटलेल्या बोल्टचं खोड बाहेर असेल तर त्यावर नट वेल्ड करा, थंड होऊ द्या आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. आत तुटला असेल तर बाजारातला साधा एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला बोल्ट काढायचं अवजार) इथे चालत नाही, कारण तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवला तरच पकड घेतो. नवा बोल्ट अर्धा इंची, इंचाला २० आट्यांचा आणि शंकूसारख्या बैठकीचा लागतो. लेथवर करून घ्यायचा असेल तर हाय टेन्साइल सळईतूनच करा, साध्या लोखंडाचा नको.

आता गाडी सरकण्याबद्दल. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसतो. गिअरबॉक्सच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर) एक लहान ड्रम असतो, त्यावर तो लागतो. मागची दोन्ही चाकं जमिनीवर असतील तर तो घट्ट धरतो. एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे, ते अधांतरी चाक एका दिशेला आणि जमिनीवरचं दुसऱ्या दिशेला फिरू शकतं. शाफ्ट जागचा हलत नाही आणि गाडी मात्र निघून जाते. गिअरमध्ये ठेवूनही उपयोग नाही, कारण गिअरही शाफ्टच धरतो. तेव्हा पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका. आणि हा हँडब्रेक चालत्या गाडीत ओढू नका, सगळा हिसका शाफ्टवर येतो. गिअरबॉक्सचं मागचं सील गळत असेल तर ऑइल थेट या ब्रेकवर येतं, हेही तपासा.

चाक निघालं म्हणजे त्यामागचा ब्रेकचा ड्रम निघाला असं समजू नका. मागचा ड्रम टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळत्या, अॅक्सलवर चावीसह (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्यासह) बसलेला असतो आणि तो पुलरशिवाय, म्हणजे ओढून काढायच्या अवजाराशिवाय, येत नाही. पुलर चाकाच्या बोल्टच्या भोकांना बांधायचा. अॅक्सलचा नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे शिल्लक ठेवा, कारण ड्रम सुटतो तेव्हा गोळीसारखा उडतो. पुलर ताणून रात्रभर तसाच ठेवला तर पुष्कळदा सकाळी आपसूक सुटलेला सापडतो. अॅक्सलच्या टोकावर घण मारण्याचा मोह आवरा, तो धक्का बेअरिंगपर्यंत आणि आतल्या थ्रस्ट ब्लॉकपर्यंत (दोन्ही अॅक्सलच्या मधल्या ठोकळ्यापर्यंत) जातो. परत बसवताना टेपर कोरडा ठेवा. कॉटर पिनचं (नट सुटू नये म्हणून घालायच्या पिनेचं) भोक जुळत नसेल तर नट थोडा आवळून जुळवा, सैल करून कधीही नाही.

प्रश्न (भुसावळ) : मे महिन्यात डॉज वीस मिनिटं चालते आणि बंद पडते. रेडिएटर नवा आहे, तरी पाणी उकळतं. काय बदलावं?

उत्तर : हे दोन वेगळे आजार असू शकतात. बंद पडल्यावर पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा. पाच-दहा मिनिटांत गाडी चालू झाली, तर पेट्रोलची पाइपात वाफ होते आहे. या इंजिनांत पंपावर उष्णतेची पत्र्याची ढाल असायची. ती हरवलेली असते, तशी करून घ्या आणि पाइप गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर वळवा. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावायचा तर कार्बोरेटरसाठीचा, ३ ते ५ पीएसआय दाबाचा घ्या आणि इंजिन थांबताच तो बंद होईल अशी जोडणी करा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर कार्बोरेटर ओसंडेल. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुना डायाफ्राम आणि होजही खराब होतात.

पाणी उकळण्याचं कारण बहुधा कुणी पाहिलेलं नसतं. वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) मागे, इंजिनाच्या ब्लॉकच्या आत, पत्र्याची एक लांब चपटी नळी असते. तिच्या फटींतून थंड पाणी थेट व्हॉल्व्हच्या बैठकींजवळ पडतं. नळी गंजली की सगळं पाणी पुढेच सुटतं, पाचवा-सहावा सिलिंडर तापतो आणि मागचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. तापमानाची गन हेडवर पुढून मागे फिरवा, मोठा फरक दिसला की ओळखा. रेडिएटर आणि वॉटर बॉडी उतरवून वाकवलेल्या सळईने नळी ओढून काढा. तुकडे झाले तर सगळे मोजून काढा. नवी पितळेची घाला. त्याच वेळी ब्लॉकच्या बाजूच्या गोल टोप्या काढून आतला गाळ साफ करा. नंतर बोअरचं क्षाराचं पाणी भरलंत तर मेहनत वाया. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरा. थर्मोस्टॅट काढून फेकू नका.

प्रश्न (शहादा) : सहा व्होल्टची बॅटरी नवी आहे, पण गरम इंजिनाला सेल्फ मरगळतो.

उत्तर : केबल पाहा. बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल कुणीतरी लावलेली असणार. सहा व्होल्टला तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो. ५० चौ.मिमी. तांब्याची केबल घाला, अर्थिंगची जागा रंग खरवडून स्वच्छ करा. या गाड्यांचं अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं, त्या काळच्या शेव्हरोलेचं निगेटिव्ह. शेजाऱ्याच्या गाडीवरून बॅटरी जोडू नका.

प्रश्न (चाळीसगाव) : १९५४ च्या शेव्हरोलेचे वायपर कन्नड घाट चढताना पावसात थांबतात.

उत्तर : ते इंजिनाच्या ओढीवर (व्हॅक्यूमवर) चालतात. अॅक्सिलरेटर दाबून ठेवला की इनटेक मॅनिफोल्डमधली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतली) ओढ संपते. क्षणभर पाय उचला, वायपर फिरतील. सपाटीवरही मंद असतील तर होज फुटला आहे किंवा आतला पंखा कोरडा पडला आहे, दोन थेंब ऑइल सोडा.

प्रश्न (धुळे) : १९५७ च्या बेल एअरची पेट्रोलची टोपी सापडत नाही.

उत्तर : मागच्या डाव्या शेपटीच्या टोकाची क्रोमची पट्टी उघडते, टोपी तिच्यामागे. १९५६ च्या गाडीत ती डाव्या दिव्यामागे असते.