हातातली काठी: नव्याने शिकणाऱ्या काकांना

काका, चालायच्या काठीने स्वतःचा बचाव शिकायचा, तर आधी काठी नीट बघून घ्या. घडीची ॲल्युमिनियमची चालायला ठीक, पण जोरात घाव बसला की सांध्यात वाकते. भरीव वेताची किंवा शिसवीची एकसंध घ्या. हात मोकळा सोडून ताठ उभं राहिलं की मूठ मनगटाशी यायला हवी.

लाठीकाठीतले गरगर फिरवायचे डाव लांब लाठीसाठी असतात. तीन फुटी काठीने मोठा फेरा मारलात की समोरचा ती धरतोच. त्यापेक्षा दोन्ही हातांनी काठी कमरेशी धरा, एक पाय पुढे, आणि बरगड्यांच्या खाली सरळ टोचा. एका हाताने मारायचं तर मनगट नाहीतर नडगी. डोक्यावर मारू नका, माणूस जायचा. समोरच्याने काठी धरलीच तर ओढाओढी करू नका. त्याच्या अंगठ्याच्या बाजूने पिळा, पकड तिथेच सुटते.

काठी उचलली की तुमचा आधार जातो, मला खरी काळजी याचीच वाटते. म्हणून पहिला महिना भिंतीला पाठ जवळ ठेवून सराव करा. तळाचं रबर झिजलं की त्याच दिवशी बदला. नंतर अंगणात जुना टायर टांगा, रोज दहा मिनिटं. आणि पळता येण्यासारखं असेल, तर आधी आरडाओरडा करून निघा.