पेट स्कॅनरच्या सिग्नल प्रोसेसिंगसाठी जर्मनीत यावं का?

अरे, तू विचारलंस की पुण्यात ई अँड टीसी झालंय, दोन वर्षं एफपीजीएवर (आतलं सर्किट हवं तसं जुळवता येणारी चिप) काम केलंय, तर पेट स्कॅनरच्या (अंगात सोडलेल्या रेडिओॲक्टिव्ह औषधावरून आतलं चित्र काढणारं मशीन) सिग्नल प्रोसेसिंगमध्ये शिरायला जर्मनीत मास्टर्सला येऊ का, आणि आधी मेडिकल एआयचे कोर्स करू का. मी आखेनला सहा वर्षं हेच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एआयचं राहू दे, ते बहुतेक इमेज बनवताना नाहीतर बनल्यावर येतं, आपलं काम त्याच्या आधीच संपतं. पेशंटच्या अंगातून ५११ केईव्ही एनर्जीचे दोन फोटॉन विरुद्ध दिशांना सुटतात, पेशंटभोवतीच्या रिंगमधल्या एलएसओ या ल्युटेशियमच्या क्रिस्टलवर आदळले की प्रकाश पडतो, एसआयपीएम हा प्रकाशाचा सेन्सर त्याचा करंट करतो, आणि त्या करंटचा पल्स कधी आला नि केवढा होता एवढंच आपण सांगायचं. सोपं वाटतं ना? आता हिशोब कर, १०० मेगाहर्ट्झचा एडीसी (सिग्नल ठरावीक वेळाने मोजून आकडे देणारी चिप) म्हणजे दोन सँपलमध्ये १० नॅनोसेकंद, तेवढ्यात प्रकाश ३ मीटर जातो आणि अख्खी रिंग मीटरभराचीही नसते! पाहिजे असतात २०० पिकोसेकंद, म्हणजे ०.२ नॅनोसेकंद, तेव्हा कुठे दोन फोटॉन पोचण्याच्या वेळांतल्या फरकावरून ते कुठून निघाले हे ३ सेंमीपर्यंत कळतं. सीमेन्सच्या बायोग्राफ व्हिजन या पेट स्कॅनरचा आकडा २१४ पिकोसेकंद आहे. मग पल्सच्या चढत्या कडेवरच्या सँपलला रेष बसव, कॉन्स्टंट फ्रॅक्शन लाव (पल्स त्याच्या उंचीच्या ठरावीक हिश्शाला पोचला ती वेळ धरायची), नाहीतर एफपीजीएच्या कॅरी चेनमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या डिलेंच्या साखळीत, टीडीसी हे वेळ मोजणारं सर्किट बांध.

बरं, पहिला पल्स विझायच्या आत दुसरा त्याच्या शेपटीवर चढला की बेसलाइन वर, एनर्जी चुकली, चांगला इव्हेंट ठरवलेल्या एनर्जीच्या विंडोबाहेर. आणि तापमान! पहिल्या हिवाळ्यात माझं टायमिंग सकाळी वेगळं आणि दुपारी वेगळं यायचं, मी दोन आठवडे कोडच चाळत बसलो, शेवटी कळलं की चिप तापली की कॅरी चेनचे डिले बदलतात नि मी कॅलिब्रेशन एकदाच करून ठेवलेलं. गाईडसमोर जाम ओशाळलो.

म्हणून येण्याआधी एक लहान एलवायएसओ (एलएसओचाच भाऊ, ल्युटेशियमचाच) क्रिस्टल आणि एसआयपीएम मिळव नि पल्स स्वतः बघ. ल्युटेशियम मुळातच थोडं रेडिओॲक्टिव्ह असतं, वेगळा सोर्स लागत नाही. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला देशातला पहिला पेट २००२ मध्ये आला, आता तर पुण्यातही आहेत, कुणाची ओळख काढून सकाळचं डेली क्यूसी, म्हणजे मशीनची रोजची तपासणी, बघून ये.

कुठे यायचं म्हणशील तर आखेनची आरडब्ल्यूटीएच युनिव्हर्सिटी आणि जवळचं युलिशचं रिसर्च सेंटर, दोन्हीकडे पेटचं काम चालतं. पण सीमेन्स म्हणजे जर्मनी हे डोक्यातून काढ, त्यांचं पेट अमेरिकेत नॉक्सव्हिलला, २००५ मध्ये तिथली सीटीआय ही कंपनी घेतली तेव्हापासून. क्षेत्र लहान आहे, जागा मोजक्याच निघतात. मात्र टीडीसी येत असेल तर लायडारवालेही (लेझरने अंतर मोजणारे) विचारतात, त्यामुळे उपाशी राहणार नाहीस.

कागदपत्रांत एपीएस सर्टिफिकेट (आपल्या डिग्रीच्या कागदांची जर्मन पडताळणी) आधी काढ, त्याला वेळ जातो. ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो, येताना आकडा परत तपास. लॅबमध्ये इंग्लिश चालतं, पण व्हिसा ऑफिसची पत्रं जर्मनमध्येच येतात, तेव्हा जर्मनची निदान बी१ पातळी करून ये. आणि घर ऑक्टोबरच्या आत शोध, नंतर आखेनमध्ये खोली मिळता मिळत नाही, मी पहिला महिना मित्राच्या स्वयंपाकघरात झोपलोय.