पेवातली कल्पना कोणाची?

सांगलीच्या एका वाचकांचे पत्र बरेच लांब आहे. त्यातला कायद्याशी संबंधित भाग थोडक्यात असा. दिवसा पतसंस्थेत नोकरी आणि रात्री लेखन, असे करत त्यांनी तीन वर्षांत मराठीत 210 पानांचा एक रोल-प्लेइंग गेम लिहून पूर्ण केला आहे. अशा खेळात चार-पाच जण एकत्र बसतात, प्रत्येक जण एकेका पात्राच्या तोंडून बोलतो, सूत्रधार प्रसंग मांडतो आणि अडल्या जागी फासे टाकून निकाल लागतो. या खेळाची कथा शंभर वर्षांपुढच्या सांगलीत घडते. कृष्णेचा पूर आता ओसरतच नाही, शहर खासगी कंपन्यांच्या तराफ्यांवर वसले आहे, माणसांच्या मनगटात कर्जाची नोंद ठेवणारी चिप आहे आणि हरिपूरच्या बुजलेल्या हळदीच्या पेवांखाली, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांखाली, माणसाच्याही आधीपासून असलेले काहीतरी जागे होत आहे. दर शनिवारी हा खेळ खेळून पाहणाऱ्या मित्रांपैकी मिरजेच्या एका मित्राने आता वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. पेवाखालचे ते अस्तित्व ही आपली कल्पना आहे, म्हणून आपण सहलेखक आहोत, निम्मे उत्पन्न मिळावे, आणि पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास फौजदारी तक्रार करू, असे त्याचे म्हणणे आहे. एका प्रकाशकाचा करारही सहीसाठी येऊन पडला आहे. वाचकांचा प्रश्न असा: "सही करू, की हे सगळे सोडून देऊ?"

सप्रेम नमस्कार. सोडून देऊ नका, आणि या आठवड्यात सहीही करू नका. मराठीत कोणी इतक्या निष्ठेने असा खेळ लिहितो याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच त्याची कागदपत्रे कच्ची राहू नयेत असे मला वाटते.

नोटिशीतला मुख्य दावा आधी पाहू. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, 1957 हा कल्पनेला संरक्षण देत नाही. ती कल्पना ज्या शब्दांत, ज्या मांडणीत उतरली असेल त्या आविष्काराला देतो. सर्वोच्च न्यायालयाने हे 1978 मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले. तो वाद एका नाटकाचाच होता. 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू देल्ही' हा चित्रपट उचलला, अशी नाटककाराची तक्रार होती. प्रांतवादाचा विषय दोन्हीकडे एकच असला, तरी विषय, कथाबीज किंवा ऐतिहासिक घटना यांवर कोणाची मालकी नसते, असे सांगून न्यायालयाने दावा फेटाळला. ज्या गावात 1843 साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणले, त्या गावातल्या लेखकाने हा निकाल ध्यानात ठेवावा. 'पेवाच्या तळाशी काहीतरी आहे' हे वाक्य आपल्या मित्राने शनिवारच्या बैठकीत प्रथम उच्चारले असेल, तरी तेवढ्याने तो लेखक होत नाही. हरिपूरची पेवे पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले ही सर्वांनी भोगलेली वस्तुस्थिती आहे. त्यांवर आपलाही हक्क नाही आणि मित्राचाही नाही.

सहलेखनाची व्याख्या कलम 2(झेड) मध्ये आहे. दोघांनी मिळून केलेल्या ज्या कृतीत एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही, तीच संयुक्त लेखनाची कृती होय. आपण पाठवलेल्या कागदांवरून मित्राचा वाटा सहज वेगळा काढता येतो, त्यामुळे संपूर्ण पुस्तकात निम्मा हिस्सा मागण्याचा त्याचा दावा टिकेल असे मला वाटत नाही.

परंतु याच कागदांत आपली अडचणही आहे, आणि ती मी झाकून ठेवणार नाही. मित्राने एका रात्री व्हॉट्सॲपवर एकामागून एक सहा लांब संदेश पाठवले होते. त्यांत त्याच्या पात्राने, म्हणजे मार्केट यार्डातल्या एका म्हाताऱ्या तोलाईदाराने, पेवात उतरल्याची हकीकत स्वतःच्या तोंडून सांगितली आहे. ती आपल्या पुस्तकात पान 88 ते 91 वर जशीच्या तशी आली आहे. मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले. मित्राचे वाक्य असे आहे: "कंदील विझला तेव्हा मला कळले, की खाली हवा नाही असे नाही, खाली कोणीतरी ती हवा घेत आहे." आपल्या पुस्तकात फक्त 'विझला'चे 'मालवला' झाले आहे. इथे कल्पना आणि आविष्कार असा भेद करून सुटका होणार नाही. ही चार पाने त्याची साहित्यकृती आहेत, आणि मोबाइलवर टंकली म्हणून त्यांचा दर्जा कमी होत नाही.

सुदैवाने त्याच रात्री आपण विचारले होते, "हे पुस्तकात घालू का?" आणि त्याचे उत्तर होते, "घाल की, त्यात काय विचारायचं!" या एका ओळीचे मोल आपल्याला वाटते त्याहून अधिक आहे. हक्काचे हस्तांतरण करायचे तर कलम 19 प्रमाणे लेखी दस्तऐवज आणि त्यावर सही लागते. वापराचा परवाना मात्र कलम 30 प्रमाणे लेखी असला की पुरतो, कारण सहीची अट 2012 च्या दुरुस्तीने काढून टाकली आहे. आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 4 मुळे इलेक्ट्रॉनिक मजकूर हाही लेखीच समजला जातो. म्हणून मालकी मित्राची, परंतु वापराला त्याची परवानगी होती, असे आपल्याला ठामपणे म्हणता येते. ही परवानगी विक्रीच्या पुस्तकाला, आणि त्यातही प्रकाशकाकडे पुढे सोपवण्याला लागू पडते का, यावर वाद होऊ शकतो, आणि समोरचे वकील तो घालतील. तो संवाद फोनमधून पुसू नका, फोन बदलू नका आणि केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याची तयारी आजच करून ठेवा.

फौजदारी तक्रारीची धमकी पोकळ आहे असे समजू नका. प्रताधिकार अधिनियमाच्या कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये ठरवले आहे. मात्र त्यासाठी उल्लंघन जाणूनबुजून केलेले असावे लागते, आणि वरची परवानगी हाताशी असताना ते सिद्ध करणे अवघड आहे. म्हणूनच मुदतीत, वकिलामार्फत, त्या ओळीचा तारखेसह उल्लेख करून उत्तर जाणे अगत्याचे आहे. मौन सर्वांत महाग पडेल.

त्याच उत्तरात तडजोडीचा प्रस्तावही द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ही चार पाने मूळ मजकूर न पाहता पुन्हा लिहून काढणे हा एक मार्ग आहे. परंतु ती पाने चांगली आहेत, आणि तीन वर्षांचे शनिवार ज्याच्याबरोबर घालवले त्याचे नाव पुस्तकात असणे न्यायाचेही आहे. त्या चार पानांपुरते, पान क्रमांक लिहून, ठरावीक रक्कम देऊन, 'तोलाईदाराची हकीकत' या शीर्षकाखाली त्याच्या नावाच्या उल्लेखासह हस्तांतरणपत्र करून घ्या, आणि उरलेल्या पुस्तकावर त्याचा कोणताही हक्क नाही हे त्यातच त्याच्याकडून लिहून घ्या. रक्कम दिल्यावरही नावाचा हक्क कलम 57 खाली त्याच्याकडेच राहतो, हे विसरू नका.

आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे, की उद्या दुसऱ्या कोणी सायबरपंक (कंपन्या आणि यंत्रांच्या कह्यातले भविष्य) आणि वैश्विक भयकथा (माणसाच्या आधीपासूनच्या अमानवी शक्तींची भीती) असाच मेळ घालून मराठी खेळ काढला तर त्याला थांबवता येईल का. येणार नाही. ज्या तत्त्वाने मित्राचा दावा कमकुवत होतो, तेच तत्त्व आपल्यालाही लागू आहे. पेवात कंदील सोडायचा, तो मालवला तर दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि बेरीज पात्राच्या 'धीरा'पेक्षा जास्त आली तर एक आठवण कायमची पुसायची, हा आपला नियम अतिशय सुंदर आहे, पण नियम म्हणून तो कोणीही वापरू शकेल. खेळ खेळण्याची पद्धत पेटंटलाही पात्र नाही. पेटंट अधिनियमाचे कलम 3(एम) तसे स्पष्ट सांगते. 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात शब्द जुळवण्याचा पटावरचा खेळ 'स्क्रॅबल' विरुद्ध त्याच्यासारखाच ऑनलाइन खेळ 'स्क्रॅब्युलस' हा वाद झाला, तेव्हा पटाच्या प्रताधिकाराचा मुद्दा टिकला नाही, पण नावाच्या साधर्म्यामुळे ट्रेडमार्कच्या आधारे मनाई मिळाली. आपल्या हाती राहतात ती आपली वाक्ये, आपली पात्रे जशी रेखाटली ती, निवडून रचलेले तक्ते आणि खेळाचे नाव. नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज जरूर करा. व्यक्तीने ऑनलाइन केलेल्या अर्जाला प्रत्येक वर्गासाठी 4,500 रुपये शुल्क आहे. पुस्तकांसाठी वर्ग 16 आणि खेळांसाठी वर्ग 28 हे दोन आपल्याला लागतील.

परदेशातून घेतलेल्या गोष्टींकडे आता पाहावे लागेल, कारण प्रकाशकाच्या करारात 'कोणत्याही तिसऱ्या पक्षाच्या दाव्याची संपूर्ण भरपाई लेखक करील' असे कलम आहे. वैश्विक भयकथांचे अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट 1937 मध्ये वारले. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या, त्या वेळच्या पन्नास वर्षांच्या मुदतीप्रमाणे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कथा भारतात 1987 अखेर मुक्त झाल्या. आपल्या सहाव्या प्रकरणातला क्थुलू हा त्यांनी कल्पिलेला दैवत-राक्षस त्यामुळे निर्धोक आहे. मात्र त्या दैवतांच्या यादीत नंतरच्या लेखकांनी भर घातली आहे. त्यांतले ऑगस्ट डरलेथ 1971 मध्ये वारले, आणि त्यांच्या लेखनाला आताच्या साठ वर्षांच्या मुदतीप्रमाणे इथे 2031 अखेरपर्यंत संरक्षण असू शकते. आपण घेतलेले प्रत्येक नाव मूळ कोणाचे आहे हे तपासा, आणि शंका आली तर ते काढून स्वतःचे घाला. हरिपूरच्या संगमाजवळ राहणाऱ्याला नावांची वाण पडू नये. 'सायबरपंक' हा शब्द वर्णन म्हणून मलपृष्ठावर चालेल, पण शीर्षकात नको, कारण युरोप व अमेरिकेत तो खेळांसाठी नोंदलेला ट्रेडमार्क आहे.

झटापटीच्या नियमांची अकरा पाने आपण 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या प्रसिद्ध रोल-प्लेइंग गेमच्या 5.1 नियमसंहितेवरून अनुवादित केली आहेत. ती संहिता जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन 4.0 परवान्याखाली खुली झाली, त्यामुळे अनुवाद आणि विक्री दोन्ही चालते. परंतु श्रेय देणे आणि बदल केल्याचे नमूद करणे बंधनकारक आहे, आणि आपल्या हस्तलिखितात ते कुठेही नाही. संहितेत दिलेले श्रेयाचे वाक्य पहिल्या पानामागे छापा.

कुपवाडच्या चित्रकाराला बारा चित्रांचे नऊ हजार रुपये आपण यूपीआयने दिले, पण कागद झाला नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या पेंटिंगचा पहिला मालक प्रताधिकार अधिनियमाच्या कलम 17(बी) प्रमाणे पैसे देणारा असतो. आपली चित्रे मात्र शाईची रेखाटने आहेत, आणि कायद्याने इतरत्र 'पेंटिंग' व 'ड्रॉइंग' हे शब्द वेगवेगळे वापरले आहेत. या शब्दच्छलात अडकण्यापेक्षा चित्रकाराकडून एक पानी हस्तांतरणपत्र सही करून घ्या. नोकरीमुळे मात्र काही अडचण नाही. पतसंस्थेचे काम आणि हे लेखन यांचा संबंध नाही.

आता प्रकाशकाचा करार. चाळीस हजार रुपये एकरकमी देऊन 'सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील, जगभरातील हक्क कायमस्वरूपी' तो घेऊ पाहतो. करार मुदतीबद्दल गप्प असता तर कलम 19 प्रमाणे ती पाच वर्षे आणि प्रदेश भारतापुरता धरला गेला असता. पण इथे 'कायमस्वरूपी' असे स्पष्ट लिहिले आहे, आणि सही झाली की तेच बंधन होईल. 'भविष्यात येणारी सर्व माध्यमे' हे शब्द मात्र फारसे उपयोगाचे नाहीत, कारण आज वापरात नसलेल्या माध्यमाचा नेमका उल्लेख असल्याखेरीज त्याचे हस्तांतरण होत नाही, असे कलम 18 ला 2012 मध्ये जोडलेले परंतुक, म्हणजे मर्यादा घालणारी अट, सांगते. माझा आग्रह असा, की मराठी छापील आणि ई-पुस्तक एवढेच हक्क पाच वर्षांसाठी, प्रतीमागे ठरावीक टक्के स्वामित्वधनावर द्या. व्हिडिओ गेम, श्राव्य रूप आणि अनुवाद स्वतःकडे ठेवा. आणि भरपाईची जबाबदारी मिळालेल्या रकमेपुरती मर्यादित करून घ्या. नोटीस आल्याची माहितीही प्रकाशकाला आधीच लेखी द्या. ती लपवून केलेली सही नंतर आपल्यावरच उलटेल.

प्रताधिकाराची नोंदणी सक्तीची नाही, परंतु पुढे पुराव्याच्या कामी येते. साहित्यकृतीसाठी शुल्क 500 रुपये आहे. अर्ज केल्यावर हरकतींसाठी तीस दिवसांचा काळ असतो, आणि ज्याने हक्क सांगितला आहे त्याला अर्जाची सूचना देणे नियमांनी आवश्यक केले आहे. मित्राला ती न देता नोंदणी उरकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. अर्जात मजकूर आपला म्हणून लिहिताना पान 88 ते 91 वगळा, किंवा तोवर हस्तांतरणपत्र झाले असेल तर त्याची प्रत जोडा.

नोटीस ज्या लिफाफ्यातून आली तो टपालाच्या शिक्क्यासह जपून ठेवा. पंधरा दिवस ती हाती पडल्यापासून धरायचे असे नोटिशीतच लिहिले आहे, आणि पत्रावरून पाहता त्यांतले सहा संपले आहेत.