धाडसी नेत्यामुळेच देश पुढे जातो, हे कितपत खरं आहे?

तुमचा प्रश्न असा आहे की, देशाची प्रगती धाडसी नेत्यांमुळेच होते आणि सावध नेते नुसता काळ ढकलतात, हे खरं का.

अर्धं खरं आहे. धाडस लागतंच. पण लोक ते घोषणेच्या आकारावरून मोजतात, तिथे गल्लत होते. घोषणेआधी काय जमवून ठेवलं होतं आणि नंतरच्या पंधरा दिवसांत काय केलं, यावर खरा निकाल लागतो. रुपया स्वस्त करण्याचा एकच निर्णय दोनदा घेतला गेला आणि निकाल उलटसुलट लागले, असं उदाहरण आपल्याकडेच आहे.

६ जून १९६६. इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन पाच महिनेही झाले नव्हते, निवडणूक वर्षाच्या आत होती. तरी सरकारने डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून एका झटक्यात ७.५० रुपयांवर नेला. धाडस कमी पडलं असं कोण म्हणेल? पण पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला. निर्यातीतला मोठा वाटा तागासारख्या शेतीवर उभ्या असलेल्या मालाचा, त्यामुळे रुपया स्वस्त होऊनही विकायला माल वाढेना. ज्या परदेशी मदतीच्या भरवशावर आयात मोकळी करायची होती, ती ठरल्याप्रमाणे आली नाही. निर्यातीची अनुदानं काढली होती, ती काही महिन्यांत मागच्या दाराने परत आली. हातात उरली ती फक्त महागाई आणि टीका. ‘अवमूल्यन’ (सरकारने रुपयाची किंमत मुद्दाम कमी करणं) या शब्दाला राजकारणी पुढे कितीतरी वर्षं बिचकत राहिले.

१९९१ मध्ये परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं होतं आणि नरसिंह रावांकडे बहुमतही नव्हतं. या वेळी काम दोन टप्प्यांत झालं. १ जुलैला साधारण ९ टक्के घसरण करून बाजाराचा अंदाज घेतला, ३ जुलैला आणखी सुमारे ११ टक्के. मधल्या वेळात पंतप्रधान स्वतःच डगमगले होते. दुसरा टप्पा थांबवावा म्हणून अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन केला, तोवर नवा दर जाहीर झाला होता. (धाडसी माणूस कधी कचरत नाही, ही समजूत इथेच सोडून द्या.)

४ जुलैला निर्यातदारांचं रोख अनुदान बंद झालं. रुपया स्वस्त झाल्यामुळे निर्यातदाराला तसाही जास्त पैसा मिळणार होता, म्हणून त्याच दिवशी तिजोरीवरचा भार उतरवता आला. बदल्यात निर्यातीच्या ३० टक्के किमतीइतका आयातीचा हक्क त्याला मिळाला, आणि तो बाजारात विकता येत होता. त्याच महिन्यात सुमारे ४७ टन सोनं परदेशी बँकांकडे तारण ठेवून जवळपास ४० कोटी डॉलर उभे केले. २४ जुलैला १८ उद्योग सोडून बाकी सगळ्यांवरची परवान्याची सक्ती रद्द झाली. हे औद्योगिक धोरण उद्योग राज्यमंत्र्यांनी दुपारी सभागृहापुढे ठेवलं आणि संध्याकाळच्या अर्थसंकल्पाच्या गजरात ते जवळजवळ झाकलं गेलं. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाला टेकू देत होतं. १९६६ ला नेमका हाच टेकू नव्हता.

आता घोषणा अचानक करावी की सांगून-सवरून? इथे निर्णयाची जात बघावी लागते. चलनाचा दर एका परिपत्रकाने बदलतो, आणि आधी फुटला तर सट्टेबाज लुटतात. तो गुप्तच हवा. पण अंमल लाखो हातांनी आणि यंत्रांनी व्हायचा असेल, तर गुप्तताच घात करते. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी घ्या. हेतूचा वाद बाजूला ठेवू, फक्त एटीएम बघा. नव्या नोटांचा आकार वेगळा, म्हणून सुमारे दोन लाख यंत्रांच्या कॅसेट (नोटा ठेवायचे डबे) माणूस पाठवून जुळवून घ्याव्या लागल्या. तोवर शंभराच्याच नोटा. एका कॅसेटमध्ये मावतात साधारण दोन-अडीच हजार. माणशी दोन हजार रुपये म्हणजे वीस नोटा, की शंभर-सव्वाशे जणांत कॅसेट रिकामी. जुन्या नोटा बदलून घेण्याची मर्यादा ४,००० वरून ४,५००, मग २,०००, आणि महिना संपायच्या आत बदलणंच बंद. वरातीमागून घोडं!

स्वीडनने वाहनं डावीकडून उजवीकडे नेली, तो निर्णयही लोकांना नकोच होता. १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के विरोधात होते. तरी संसदेने १९६३ मध्ये तो घेतला आणि चार वर्षं उघड तयारी केली. नव्या खांबांवरच्या पाट्या झाकून ठेवल्या, बसचे दरवाजे उजव्या बाजूला घेतले. ३ सप्टेंबर १९६७, रविवार. पहाटे ४:५० ला रस्त्यावरच्या मोजक्या गाड्या थांबल्या, हळूच पलीकडच्या बाजूला गेल्या, आणि पाचला निघाल्या. वेगमर्यादा आधीच कमी करून ठेवल्या होत्या.

राहिला मागे फिरण्याचा मुद्दा. १९९१ च्या अर्थसंकल्पात खतं सरासरी ४० टक्क्यांनी महागली आणि स्वपक्षाचेच खासदार उसळले. दोन आठवड्यांत वाढ ३० टक्क्यांवर आणली, छोट्या शेतकऱ्यांना वगळलं. याला कोणी कच खाणं म्हणेल. माझ्या मते दहा टक्के सोडून तीस पदरात पाडून घेतले.

याच्या उलट टोक चीनच्या १९५८ च्या ‘मोठ्या झेपे’चं. गावोगावच्या अधिकाऱ्यांनी पिकाचे आकडे फुगवून वर कळवले आणि त्या आकड्यांवर सरकारी वसुली ठरली. १९५९ मध्ये लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी चुका दाखवल्या, तर त्यांचंच पद गेलं. ते पाहिल्यावर खरा आकडा वर पाठवायला कोणी धजेना. लोक भुकेने मरत होते तरी वसुली फुगवलेल्या पिकावरच चालू राहिली.