पणजोबांच्या वडोद्यातल्या शाळेचा ग्रूप फोटो सापडलाय, पण पाटीवर १९८० लिहिलंय. हे कसं? आणि वर्गात तेव्हा काय चालायचं?

तुम्ही दिलेल्या वर्णनानुसार फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे, मास्तर खुर्च्यांवर, पुढे पोरं मांडी घालून, मागची बाकावर उभी. एकाच्या हातात पाटी, तिच्यावर १९८०. आणि पणजोबा तर १९६० च्या आधीच गेले.

कोडं सोपं आहे. तो विक्रम संवत असावा. गुजरातेत संवत दिवाळीनंतर, कार्तिकात बदलतो. म्हणून कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करायचे, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. संवत १९८० म्हणजे १९२३ ची दिवाळी ते १९२४ ची दिवाळी. आपल्या मराठी घरांत कागदांवर शकही सापडतो. त्यात ७८ मिळवायचे (जानेवारी ते फाल्गुन असेल तर ७९). वडोद्यात एकाच घरच्या ट्रंकेत संवत, शक आणि इसवी असे तिन्ही आकडे निघतात, त्यामुळे नुसता आकडा पाहून साल ठरवू नका.

आता ताळा करून घ्या. फोटो खिडकीजवळ तिरका धरा. काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, आरशासारखी चंदेरी झाक दिसली तर तो जिलेटिनच्या कागदावरचा आहे, आणि ते १९२३-२४ शी जुळतं. याउलट कागद अगदी पातळ आणि सगळा रंग पिवळट-तपकिरी असेल, तर अल्ब्युमेनची, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या जुन्या फोटो-कागदाची, शक्यता येते. तो प्रकार १९०० च्या सुमारास मागे पडला होता. मग माझा संवताचा अंदाज पुन्हा तपासावा लागेल.

डोक्यावर काय आहे तेही बघा. पांढरी गांधी टोपी दिसली तर फोटो १९२० च्या आसपासचा किंवा नंतरचा. पगडी, पागोटं, काळी गोल टोपी यांवरून मात्र काही ठरत नाही, कारण जुने मास्तर शेवटपर्यंत पगडीच घालत. मागच्या भिंतीवर तसबीर असेल तर तिच्यावरही फार विसंबू नका. बडोदा संस्थानचे महाराज सयाजीराव १८७५ ते १९३९ गादीवर होते आणि त्यांची तसबीर त्यानंतरही कित्येक भिंतींवरून उतरली नाही.

वर्गात काय चालायचं, हा प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त आवडला. पण तुमच्या हातातल्या फोटोत वर्ग नाहीच. त्यात वर्ग सजवून बाहेर आणून बसवलाय. तेव्हा फिल्मऐवजी वापरायच्या काचेच्या प्लेटा मंद होत्या, मागची रांगही स्पष्ट यावी म्हणून भिंगाचं तोंड बारीक करावं लागे, त्यामुळे सावलीत अर्धा-एक सेकंद तरी सगळ्यांना पुतळा व्हावं लागे. वर्गखोलीत तेवढाही उजेड नसे. म्हणून व्हरांडा, नाहीतर झाडाखाली. खोलीच्या आतले फोटो कमी सापडतात, आणि सापडले तरी त्यात पोरं पुस्तकात डोकं घालून बसलेली असतात, जे कुठल्याही काळातल्या पोरांबद्दल मला खरं वाटत नाही! चेहरे गंभीर दिसतात म्हणून लोक 'किती कडक शिस्त' म्हणतात. शिस्त होतीच, पण तो गंभीरपणा बराचसा कॅमेऱ्यासाठी. एखाद्या पोराचं डोकं धूसर आलं असेल तर समजा की त्यानं मान वळवली. माझ्या मते अख्ख्या फोटोत तेवढंच पोर शाळेत असल्यासारखं वागलंय.

म्हणून मी चेहऱ्यांआधी पाय बघतो. चेहरा नीट करता येतो, टोपी-कोट शेजाऱ्याकडून मागून आणता येतो, पायांकडे कोणी लक्ष देत नाही. एकाच रांगेत वहाणा, बूट आणि अनवाणी पाय दिसले तर त्याला कारण आहे. सयाजीरावांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकांना दंड होई. तेव्हा तुमच्या फोटोतली काही पोरं हौसेनं आलेली असतील, काही दंडाच्या भीतीनं.

फोटोत कोण नाही, हेही बघायला हवं. मुलींच्या शाळा बहुधा वेगळ्या. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी संस्थानानं १८८० च्या दशकातच शाळा काढल्या, पण त्याही वेगळ्या, आणि तिथे शिकवायला सवर्ण मास्तर मिळेनात म्हणून सुरुवातीला मुसलमान शिक्षक नेमावे लागले. ही मुलं तुमच्या पणजोबांच्या रांगेत दिसली नाहीत तर फोटोग्राफरला दोष देऊ नका.

बाकी रोजचं जगणं आमच्या आजीकडून ऐकलेलं सांगतो. दांडिया बाजारातल्या घराच्या ओटल्यावर बसून ती ऐंशीच्या घरातही पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे धडाधड म्हणायची. अडीचकीला अडखळली की चिडायची. जाजमावर बसायचं, पाटी थुंकीनं पुसली की मार, शाईची दौत सांडली की जास्त मार. घरात मराठी, पोळीत खेळताना गुजराती. (आमच्याकडे गल्लीला पोळ म्हणतात, खायच्या पोळीचा संबंध नाही.) संध्याकाळी दिवा लागला की परवचा, म्हणजे पाढे-श्लोक मोठ्यानं म्हणणं. यातलं काहीही कुठल्याच फोटोत येत नाही.

जपण्याबद्दल थोडं. पुठ्ठ्यापासून फोटो सोडवू नका. फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर काचेसकट ठेवा, ओढू नका. लॅमिनेशन तर नकोच. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून कागदी पाकिटात घालून कोरड्या कपाटात ठेवा. पाठीवर बॉलपेननं लिहू नका, दाब पुढे उमटतो. ६०० डीपीआयवर स्कॅन करून त्याच्या छापील प्रतीवर नावं लिहा, आणि ती प्रत घेऊन घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे याच आठवड्यात जा. नावं विचारू नका, 'हा कोणाच्या शेजारी राहायचा' असं विचारा. नावापेक्षा घर लवकर आठवतं.

पुठ्ठ्याच्या खाली स्टुडिओचं नाव छापलंय का, आणि मागे काही लिहिलंय का, ते तुम्ही सांगितलेलं नाही. मागच्या बाजूचाही फोटो काढून पाठवा. मोडी असेल तर मला जमेल तेवढं वाचून सांगतो.