दोन लाखांत पातळ टचस्क्रीन लॅपटॉप घ्यावा, की टचवाल्या मॅकबुकसाठी थांबावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: गंगापूर रोडला तुमचं तिघांचं आर्किटेक्ट ऑफिस आहे, चार वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आता रखडतोय, दोन लाखांपर्यंत जायची तयारी आहे. दुकानदार एक पातळ टचस्क्रीनवाला गळ्यात मारतोय आणि मुलगा म्हणतोय, थांबा, मॅकबुकला टच येणार आहे.

मी नाशकात बारा वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय. विकत नाही, त्यामुळे तुम्ही काय घेता यात माझं कमिशन नाही. उलट तुम्ही पापडासारखा पातळ घेतलात तर दोन-तीन वर्षांनी माझ्याच टेबलावर येणार, म्हणजे खरं तर मी गप्प बसायला हवं.

आधी मुलाचं म्हणणं निकालात काढू, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. टचवाल्या मॅकबुकच्या बातम्या बरेच दिवस फिरताहेत, आणि तो आजच्यापेक्षा महागच असणार असं त्या बातम्यांतच म्हटलंय. गंमत अशी की उभ्या पडद्याला टच चालत नाही, थोड्या वेळात हात गळून पडायला लागतो, हे २०१० साली अॅपलच्या स्टीव्ह जॉब्जनीच स्टेजवरून सांगितलं होतं. पण तुमच्यासाठी मुद्दा वेगळाच आहे. तुम्ही इमारतींच्या थ्रीडी कामासाठी रेव्हिट किंवा थ्रीडीएस मॅक्स वापरत असाल तर ही दोन्ही सॉफ्टवेअर मॅकवर थेट चालत नाहीत. ऑटोकॅडची मॅकची आवृत्ती आहे, स्केचअपचीही आहे. पण रेव्हिटवर ऑफिस चालत असेल तर मॅकबुकला टच येवो नाहीतर पंख फुटोत, तुम्हाला त्याचं काय?

आता टच. माझी मावसबहीण इंटिरिअरची कामं करते, तिलाही टचच हवा होता. नवऱ्याच्या ऑफिसचा टचवाला लॅपटॉप आठवडाभर घरी होता, तेव्हा मी तिला म्हटलं, स्क्रीनला बोट लावलंस की कॅलेंडरच्या मागे एक रेघ मार. आठवड्याच्या शेवटी अकरा रेघा झाल्या. त्यातल्या सात क्लायंटला "हे कपाट इथे" असं दाखवताना, दोन पुतण्याच्या, आणि दोन स्क्रीन पुसताना. पुसता पुसता एक फोल्डर भलत्याच ठिकाणी जाऊन बसला, तो शोधण्यात संध्याकाळ गेली. क्लायंटला दाखवायला टच लागत नाही, साध्या स्क्रीनवरही बोट ठेवता येतंच की! तिने शेवटी बिनटचचा लॅपटॉप घेतला आणि वाचलेल्या पैशांत पेनवाला टॅब्लेट. साइटवर प्लॅनवर लाल रेघा मारायला तो नेते, लॅपटॉप गाडीत राहतो.

याला अपवाद आहे. स्क्रीन पूर्ण मागे वळून पाटीसारखी हातात धरता येत असेल आणि पेन चालत असेल, तर टचला अर्थ आहे. नेहमीच्या बिजागरीच्या लॅपटॉपवर बोट टेकवलं की स्क्रीन डुलते, रेघ सरळ येत नाही. दुकानात एकदा करून बघा. शिवाय बहुतेक टचस्क्रीन वरून काचेच्या असतात, चकचकीत. सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात इतकी बांधकामं चाललीत, तुम्हीही उन्हात उभे राहूनच प्लॅन उघडत असाल. त्या काचेत प्लॅनच्या आधी स्वतःचा चेहरा दिसतो. आणि चिवड्याचे हात लागले की बघायलाच नको. माझ्याकडे हळदीच्या ठशांचे लॅपटॉप येतात, त्यावरून मालकाचं चार वाजताचं खाणं सांगता येतं.

फुटल्यावरची गोष्ट दुकानदार सांगत नाही. बऱ्याच टच मॉडेल्समध्ये वरची काच आणि खालचा डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात. नुसती काच तडकली तरी अख्खं वरचं झाकण बदलावं लागतं. माझ्याकडे आलेल्या कामांत हा खर्च साध्या पॅनलच्या दुप्पट-तिप्पट गेलाय, आणि पार्ट मुंबईहून यायला लागलेले आठ-दहा दिवस वेगळे.

खरा खर्च मात्र पातळपणात आहे. जानेवारी २००८ मध्ये जॉब्जनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, तेव्हापासून या धंद्याला मिलिमीटरचं वेड लागलं. २०११ मध्ये इंटेलने अल्ट्राबुक नावाचे पातळ लॅपटॉप आणले, त्यात १३ इंची मॉडेलसाठी १८ मिमीची मर्यादा घातली. २०१८ पर्यंत एसरचा स्विफ्ट ७ तर ८.९८ मिमीवर आला. अॅपलने २०१५ च्या मॅकबुकमध्ये जाडी वाचवायला बटरफ्लाय कीबोर्ड बसवला. बटणं जेमतेम दबायची, आत कण गेला की अडकायची. २०१८ मध्ये कंपनीला ते फुकट दुरुस्त करून द्यायची योजना काढावी लागली, आणि २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोपासून जुन्या पद्धतीचा कीबोर्ड परत आला. त्याच मॉडेलची जाडी १६.२ मिमी होती. २०२१ मध्ये ती १६.८ झाली, सोबत एचडीएमआय आणि एसडी कार्डची खाच परत आली. जाड झाला म्हणून कोणी रडल्याचं मला आठवत नाही.

तुमच्या कामात पातळपणा कुठे नडतो तेही सांगतो. ग्राफिक्स कार्डाचं नाव बघून फसू नका. आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपचं कार्ड कंपनी ३५ वॅटवरही चालवू शकते आणि ११५ वॅटवरही. स्टिकर तोच. पातळ अंगात उष्णता बाहेर जायला जागा नसते, म्हणून तिथे वॅट कमी ठेवतात, आणि अर्ध्या तासाचा रेंडर (मॉडेलवरून चित्र तयार करणं) असेल तर पहिल्या पाच मिनिटांनंतर वेग आणखी उतरतो. दुकानातला डेमो दोन मिनिटांचा असतो, त्यात हे कळत नाही. त्या मॉडेलचं कार्ड किती वॅटवर चालतं ते विचारा. दुकानदाराला बहुधा माहीत नसेल, पण कंपनीच्या साइटवर बहुतेक वेळा सापडतं.

मागच्या मे महिन्यात एक गृहस्थ टचपॅड बिघडला म्हणून लॅपटॉप घेऊन आले. क्लिक होईना. सपाट टेबलावर ठेवला तर एका कोपऱ्यावर हिंदकळत होता. तळाचे दहा बारीक स्क्रू काढले, पत्रा आपोआप वर उचलला गेला. बॅटरीचे तीन सेल उशीसारखे फुगले होते आणि खालून टचपॅडला ढकलत होते. केबिनमध्ये एसी नाही, लॅपटॉप दिवसरात्र चार्जरवर, आणि आत बॅटरीला फुगायला एक मिलिमीटरही मोकळा नाही. जाड लॅपटॉपमध्येही बॅटरी फुगतेच, पण तो टचपॅड तोडून दाखवत नाही. (तुमचा लॅपटॉपही कायम चार्जरवर असेल तर सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय बहुतेक कंपन्या देतात, ती आजच लावून टाका.)

रॅमचंही तसंच. बहुतेक पातळ मॉडेल्समध्ये ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. "आता १६ जीबी घेऊ, पुढे बघू" ही सोय तिथे संपली. इंटेलच्या लुनार लेक प्रोसेसरमध्ये तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर येते, जास्तीत जास्त ३२ जीबी. आणि २०२५ च्या अखेरीपासून एआय सर्व्हरच्या मागणीमुळे मेमरीचे भाव चढलेत, तेव्हा थांबून स्वस्त मिळेल या भरवशावर राहू नका.

म्हणजे दोन लाखांचं काय करायचं? मी तुमच्या जागी असतो तर टच सोडला असता, वीसेक मिमी जाडी आणि दोन-सव्वादोन किलो वजन मुकाट्याने मान्य केलं असतं, आणि पैसा ३२ जीबी रॅम, जास्त वॅटचं कार्ड, न चकाकणारी मॅट स्क्रीन आणि तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीत घातला असता. रॅम बदलता येईल असे दोन स्लॉट असलेलं मॉडेल मिळालं तर उत्तमच. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाऊन मांडीवर एक्सेल करणाऱ्याला मी हा सल्ला देणार नाही, त्याने हलकाच घ्यावा. तुमचा लॅपटॉप ऑफिस ते साइट गाडीतून जातो. पाचशे ग्रॅम जास्त झाले तर ते पेट्रोलला जड आहेत, तुमच्या खांद्याला नाहीत.

बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटी नंबर घालून घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. सगळे कर धरून दोन लाखांच्या बिलात साधारण साडेतीस हजार तोच असतो. तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत) नसाल तर तो क्रेडिटला येतो, म्हणजे तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वजा होतो. दुकानदार देतो त्या बॅग-माऊसच्या ऑफरपेक्षा हे कितीतरी मोठं आहे, आणि लोक घाईत घरच्या नावाने बिल फाडून मोकळे होतात.

आणि घ्यायच्या आधी जुना एकदा उघडून बघा. चार वर्षं साइटवर फिरलेला लॅपटॉप म्हणजे फॅनमध्ये सिमेंटच्या धुळीचा नमदा बसलेला असणार. तो काढून प्रोसेसरची वाळलेली पेस्ट बदलली, रॅमला स्लॉट असेल तर एक पट्टी वाढवली, की अनेकदा रखडणं थांबतं. काम तासाभराचं आहे, कुणाही चांगल्या कारागिराकडून करून घ्या. त्यानंतरही रेंडरला दम लागत असेल तर मग दुकानात जा.